काळ्या मातीतले जिवाणू आणि माणसाचे आजार

मृगाच्या आधी चिखली तालुक्यातल्या शिवारांत दोन गोष्टी हमखास घडतात. जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचली जाते. आणि कुणाच्या पायाला वखराची पास लागली किंवा बाभळीचा काटा खोल रुतला, की घरातली मोठी माणसं त्याला टीटीचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात पिटाळतात. फऱ्या आणि धनुर्वात हे दोन्ही आजार मातीत मुक्कामाला असलेल्या जिवाणूंचे आहेत. गुराख्यांना ठाऊक असलेला तिसरा आजार म्हणजे फाशी, माणसाच्या कातडीवर उठला की ज्याला काळपुळी म्हणतात. तोही मातीतलाच. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण त्यामागचा प्रश्न मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत जिवाणूंची जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा कुठे नीट विचारता आला. मातीत कुजकं खाऊन जगणाऱ्या जिवाणूला माणसाला किंवा बैलाला मारण्याची ताकद आली कुठून? आणि त्यातून त्याला मिळतं काय?

आधी प्रमाण लक्षात घ्यायला हवं. मूठभर नव्हे, एक ग्रॅम चांगल्या मातीत काही कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात, आणि त्यांच्या जाती हजारोंच्या घरात जातात. माणसाला आजारी पाडल्याची नोंद असलेल्या जिवाणूंच्या जाती साऱ्या जगात मिळून दीड हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यातल्याही पुष्कळ मातीतल्या नाहीत. नत्र स्थिर करणारे, पाला कुजवणारे, मुळांशी नांदणारे हेच मातीचे खरे रहिवासी. रोगकारक हा त्यांच्यातला अपवाद आहे. म्हणूनच तो अपवाद कसा घडतो हे पाहण्यासारखं आहे.

त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण आमच्या भागात प्रत्येकाच्या तोंडी असलेल्या दोन अक्षरांत आहे: बीटी. चिखलीहून देऊळगाव राजामार्गे जालन्याला गेलं की महिकोचं गाव लागतं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली उभी केलेली ही बियाणे कंपनी. तिच्या बीटी कपाशीला केंद्र सरकारने मार्च 2002 मध्ये मान्यता दिली आणि दहा वर्षांच्या आत वऱ्हाडातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस, मातीतला एक जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांनी 1901 साली मरणाऱ्या रेशीमकिड्यांत तो पाहिला, आणि 1911 साली जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातल्या नमुन्यांत तो पुन्हा सापडल्यावर बर्लिनर यांनी त्याला नाव दिलं. बोंडअळीच्या आतड्यात भोकं पाडणारं प्रथिन तयार करणारं त्याचं जनुक कपाशीत घातलं आहे. कपाशीत जिवाणू नसतो, फक्त त्याचं ते जनुक असतं. पुढचा मजकूर वाचून कुणी कपाशीला घाबरू नये म्हणून हे आधीच सांगितलं.

या बीटीचे दोन सख्खे भाऊ आहेत. एक बॅसिलस सीरियस. हा मातीत सगळीकडे असतो. शिजवून बाहेर राहिलेल्या भाताने उलट्या होतात त्या बहुधा याच्यामुळे. दुसरा बॅसिलस अँथ्रासिस, म्हणजे फाशीचा जिवाणू. तिघांच्या मुख्य गुणसूत्रांची तुलना केली तर ती इतकी सारखी निघतात की हे तिघे एकाच जातीचे मानावेत असं काही संशोधकांनी गेल्या पंचवीस वर्षांत ठामपणे मांडलं आहे. मग एक अळी मारतो, एक पोट बिघडवतो आणि एक धडधाकट बैल दोन दिवसांत आडवा करतो, हे कसं? उत्तर प्लाझ्मिडमध्ये आहे. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेर असलेलं जनुकांचं छोटं वर्तुळ. एका जिवाणूकडून ते दुसऱ्याकडे जाऊ शकतं. बीटीकडे अळीच्या विषाचं प्लाझ्मिड असतं. फाशीच्या जिवाणूकडे दोन असतात. एकावर विषाची तीन प्रथिनं, दुसऱ्यावर शरीराच्या भक्षक पेशींना चुकवणाऱ्या आवरणाची जनुकं. दोन्ही असतील तरच खरी फाशी होते.

याचा पुरावा लसीतच आहे. दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी 1930 च्या दशकात आवरण गमावलेला एक वाण मिळवला. विष आहे पण आवरण नाही, म्हणजे शरीर त्याला ओळखून संपवतं आणि विषाविरुद्ध तयारीही करून ठेवतं. आज जगभर गुरांना फाशीची जी लस देतात ती मुख्यतः याच वाणाची. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी पाश्चर यांनी जिवाणू जास्त तापमानात वाढवून लस केली होती. तेव्हा त्यांना प्लाझ्मिड ठाऊक नव्हतं. उष्णतेत विषाचं प्लाझ्मिड गळून पडत होतं, हे शंभर वर्षांनी कळलं.

उलट दिशेचा पुरावा जास्त अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेत लुइझियानातल्या एका रुग्णाला 1994 साली फाशीसारखा गंभीर न्यूमोनिया झाला. जिवाणू तपासला तर तो निघाला सीरियस, पण फाशीच्या विषाच्या प्लाझ्मिडशी जवळजवळ जुळणारं प्लाझ्मिड त्याच्याकडे होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या ताई जंगलात 2001 नंतर चिंपांझी फाशीने मेले. तिथल्या सीरियसकडे दोन्ही प्लाझ्मिडं होती. म्हणजे ही देवाणघेवाण पुराणकाळी एकदाच होऊन थांबली असं समजायचं कारण नाही. मातीतल्या साध्या जिवाणूला हे सामान पुन्हा मिळू शकतं.

आयतं सामान मिळालं तरी ते चालवायला घर आवरावं लागतं. सीरियसकडे स्वतःची काही विषं चालू करणारं एक नियामक जनुक असतं. फाशीच्या जिवाणूत ते बदल होऊन बंद पडलं आहे, कारण नव्या प्लाझ्मिडवरच्या नियामकाशी त्याचं जमत नाही. रोग करण्याची क्षमता जशी मिळवून येते तशी काही गमावूनही येते, हा धडा पुढे पुन्हा भेटेल.

फाशीचा जिवाणू मातीत बीजाणूच्या, म्हणजे कवचबंद सुप्त रूपात दशकानुदशकं टिकतो. जनावराच्या शरीरात तो बीजाणू करत नाही. मेलेलं जनावर फाडलं आणि रक्ताला हवा लागली की करतो. म्हणून तडकाफडकी मेलेल्या, नाकातोंडातून काळं रक्त आलेल्या जनावराचं कातडं काढू नये, शवविच्छेदन करू नये, ते खोल पुरावं किंवा जाळावं. पशुवैद्यक हे सांगतात त्यामागे हेच शास्त्र आहे. कातडं काढण्याचं काम ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्याच्या वाट्याला काळपुळीही आली. हा आजाराचा सामाजिक इतिहास आपल्याकडे पुरेसा लिहिला गेलेला नाही.

धनुर्वाताची गोष्ट याच्या जवळची, पण जास्त गूढ. ग्योटिंगेनमध्ये आर्थर निकोलायर यांनी 1884 साली मातीच टोचून प्राण्यांना धनुर्वात होतो हे दाखवलं. 1889 साली किटासातो यांनी जिवाणू वेगळा केला. 2003 साली त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा संच, वाचला गेला. विषाचं जनुक इथेही एका प्लाझ्मिडवरच आहे. ते प्लाझ्मिड नसलेला क्लॉस्ट्रिडियम टेटनी निरुपद्रवी असतो. आणि हे विष इतकं तीव्र, की किलोमागे एका ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या दोन-अडीचपट एवढंही माणसाला मारू शकतं. पण धनुर्वात एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. माणूस मेला तर जिवाणूला नवा माणूस मिळत नाही. मग हे विष कशासाठी? मला पटणारं स्पष्टीकरण असं: हवा नकोशी असलेल्या या जिवाणूला मेलेलं प्राणिशरीर ही मेजवानी आहे, आणि शरीर लवकर मेलं तर त्याचा फायदाच. पण हे स्पष्टीकरण अजून सिद्ध झालेलं नाही, ते गृहीतकच आहे.

विषाचं मूळ वादात असलं तरी उपाय वादात नाही. विळ्याने किंवा पात्याने नाळ कापून तिच्यावर राख-शेण लावण्याच्या चालीने आपल्याकडे किती अर्भकं गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. गरोदरपणीचं लसीकरण आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांच्या जोरावर 2015 साली भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं अधिकृतपणे मान्य झालं. माती तीच आहे, जिवाणूही तोच आहे. बदललो आपण.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. मातीत माणूस नसतो. मग माणसाच्या भक्षक पेशींना चकवण्याची हत्यारं तिथे तयारच कशी होतात? 1976 साली फिलाडेल्फियात निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली आणि लेजिओनेला नावाचा नवा जिवाणू सापडला. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये टिम रोबॉथम यांनी दाखवलं की तो पाण्यातल्या आणि मातीतल्या अमिबाच्या पोटात जगतो, वाढतो आणि अमिबालाच फोडून बाहेर येतो. अमिबा जिवाणू गिळून खातो. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशीही तेच करतात, जवळपास त्याच पद्धतीने. अमिबाच्या तालमीत जो जिवाणू तगला, त्याच्या अंगात माणसाच्या भक्षक पेशीशी झुंजायचे डाव आपोआप आलेले असतात. माणूस त्याचं लक्ष्य कधीच नव्हता. तो मध्ये आला एवढंच.

हा विचार आज या विषयात सर्वांत वजनदार मानला जातो, आणि त्याला जोड मिळते स्युडोमोनासच्या प्रयोगांची. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा चिघळवणारा हा जिवाणू मातीतला. 1995 साली फ्रेडरिक ऑसुबेल यांच्या गटाने दाखवलं की त्याच्या एका वाणाची तीच जनुकं झाडाच्या पानावरही रोग करतात आणि उंदरावरही. झाड, अळी, अमिबा, बुरशी यांच्याशी मातीत लाखो वर्षं चाललेल्या लढाईत जी हत्यारं घडली, ती आपल्यावरही चालतात.

बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय या जिवाणूत हे सगळं एकत्र दिसतं. रंगूनमध्ये 1911 साली आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी शवविच्छेदनात त्याला ओळखलं. त्याने होणारा आजार म्हणजे मेलिऑइडोसिस. भातखाचरातल्या ओल्या मातीत हा राहतो आणि पायाच्या जखमेतून, पाण्यातून किंवा पावसाळी वाऱ्यातून शरीरात शिरतो. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश सीमेवर कैदी असलेल्या एका सैनिकात तो 62 वर्षांनी उफाळून आला. 2016 मधल्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 1 लाख 65 हजार लोकांना हा आजार होतो आणि सुमारे 89 हजार मरतात. भारत त्यात मोठा वाटेकरी आहे, पण आपल्याकडे त्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही. भारतातल्या पहिल्या नोंदींपैकी एक 1991 साली मुंबईतल्या एका मुलाची आहे. पुढे दक्षिण कोकणाला लागून असलेल्या गोवा-कर्नाटक किनाऱ्यावर रुग्ण सापडत गेले.

त्याचा जीनोम 2004 साली वाचला गेला: दोन गुणसूत्रं, मिळून सुमारे 72 लाख अक्षरं. जिवाणूंच्या जगात हा फार मोठा पसारा. त्यात बाहेरून आलेल्या जनुकांची सोळा बेटं, आणि शेजारच्या पेशीत प्रथिनं टोचणाऱ्या अनेक सुयांसारख्या यंत्रणा. त्याचा जवळचा निरुपद्रवी भाऊ थायलंडेन्सिस एक विशिष्ट साखर खातो. याने ती साखर पचवणारी जनुकं गमावली आहेत, आणि ती परत घातली तर त्याचा घातकपणा कमी होतो. मिळवणं आणि गमावणं दोन्ही एकाच जिवाणूत.

याच वंशातून घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्सचा जिवाणू निघाला. एकदा घोड्याच्या शरीरात कायमचा मुक्काम केल्यावर मातीत जगायची जनुकं त्याने टाकून दिली, आणि जीनोम 72 लाखांवरून 58 लाखांवर आला. हा आजार इंग्रजांच्या घोडदळाला छळत होता. अशा जनावरांच्या आजारांच्या अभ्यासासाठी 1889 साली पुण्यात सुरू झालेली आणि चार वर्षांनी मुक्तेश्वरला हललेली शाही जिवाणू प्रयोगशाळा हीच आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं मूळ. ग्लँडर्स भारतातून जवळपास गेल्यासारखा होता, तो 2006 साली पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत परत आला आणि तिथून देशभर पसरला. मातीतल्या पूर्वजाकडून शरीरवासी वंशज, आणि तो माणसालाही मारू शकणारा: मातीतला जिवाणू रोगकारक कसा होतो या प्रश्नाचं उत्तर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या जोडीत क्वचितच दिसतं.

प्लेग मात्र मराठी मुलखाच्या स्मरणात कायमचा आहे. 1896 साली मुंबईत मांडवीत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी ओळखलेला, 1897 साली पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा जीव घेणारा. त्याचा जिवाणू येर्सिनिया पेस्टिस हा स्युडोट्युबरक्युलोसिस नावाच्या, मातीत आणि जनावरांच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूपासून काही हजार वर्षांपूर्वीच निघाला. उत्क्रांतीच्या हिशेबात हा कालचा दिवस. दोन नवी प्लाझ्मिडं मिळाली. त्यातल्या एकावरच्या जनुकाने तो पिसवेच्या पोटात तगू लागला. आणि पूर्वजाची शेदीडशे जनुकं निकामी झाली. कांस्ययुगातल्या सांगाड्यांच्या दातांत सापडलेल्या प्लेगमध्ये पिसवेचं ते जनुक सुरुवातीला नव्हतं. सुमारे 3,800 वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत ते दिसतं. म्हणजे हे टप्पे एक-एक करून, सापडतील तसे पडले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग उठला, आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा. हजारो वर्षांपूर्वीची ती उत्क्रांती 1994 साली मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाणवली ती घरं मोकळी पडून, धान्य साठून, उंदीर वाढून.

कुष्ठरोगाचा जिवाणू याच्याही पुढे गेला. त्याचे नातेवाईक मातीत सर्वत्र आहेत, पण त्याने स्वतःची जवळजवळ निम्मी जनुकं मोडून टाकली आहेत. 2001 मधल्या जीनोममध्ये 1,600 च्या आसपास चालू आणि 1,100 हून जास्त मेलेली जनुकं मोजली गेली. आजही तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. वरोऱ्याचं आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन ज्यांच्यासाठी उभं राहिलं, त्या माणसांच्या नसा कुरतडणारा हा जिवाणू मातीकडे परतायची वाट गमावून बसलेला आहे.

मायसेटोमा हा काट्याने पायात रुजणारा सुजेचा आजार मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी 1860 नंतर नीट अभ्यासला. त्यांनी तो बुरशीचा मानला. अर्धा खरा, कारण पुढे कळलं की मातीतले तंतुमय जिवाणूही तो करतात. अनवाणी शेतमजुरांचाच हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं.

याच तंतुमय जिवाणूंचे भाऊबंद औषधंही देतात, हे सांगितलं नाही तर मातीवर अन्याय होईल. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत 1943 साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटाने तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसिन काढलं, आणि त्या जिवाणूला पिंपरीचंच नाव दिलं. पण ज्या मातीत प्रतिजैविकं हजारो वर्षं बनत आहेत, तिथे त्यांना तोंड देणारी जनुकंही तितकीच जुनी आहेत. 30,000 वर्षं गोठलेल्या कॅनडातल्या मातीत ती सापडली आहेत. कोंबड्यांच्या खाद्यात, गुरांच्या उपचारात आणि माणसाच्या सर्दीत आपण प्रतिजैविकं ओतली, तेव्हा मातीतली ही जनुकं बाहेर पडून रुग्णालयांत आली. खाद्यासाठीच्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 साली घातलेली बंदी योग्य होती, आणि ती उशिरा आली.

एवढा आढावा घेतल्यावर माझं मत असं झालं आहे: मातीतून रोगकारक जन्मतो तो एखाद्या शिडीने वर चढत नाही. अमिबाशी आणि अळीशी लढताना आलेली हत्यारं, दुसऱ्याकडून मिळालेलं प्लाझ्मिड आणि काही गमावलेली जनुकं हे तीन धागे कधीतरी एकत्र येतात. बहुतेक वेळा त्यातून काहीच होत नाही, क्वचित काहीतरी होतं. पण त्या क्वचितला दार आपण उघडून देतो. उघडी जखम, अनवाणी पाय, ताब्यात नसलेला मधुमेह, फाडलेलं जनावर, वायफळ घेतलेलं प्रतिजैविक. यातला मधुमेह आज सर्वांत मोठा आहे, कारण मेलिऑइडोसिसच्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास मधुमेही असतात, आणि गावागावांत मधुमेही वाढत आहेत. शिवाय मेलिऑइडोसिस छातीच्या क्ष-किरण छायाचित्रात क्षयासारखा दिसतो आणि चुकीच्या औषधांत महिने जातात. योग्य औषध उपलब्ध आहे: आधी किमान दहा-चौदा दिवस शिरेतून, मग किमान तीन महिने गोळ्या. पण त्यासाठी रक्ताचं कल्चर करणारी आणि हा जिवाणू ओळखणारी प्रयोगशाळा जिल्ह्यात हवी.

नागपूरच्या राष्ट्रीय एकआरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली. माणूस, जनावर आणि माती यांचे आजार एकत्र पाहायचे हाच तिचा हेतू. ती विदर्भात आहे, म्हणून विदर्भातल्या मातीचे, गुरांचे आणि शेतकऱ्यांचे नमुने तिने आधी पाहावेत ही मागणी बुलडाणा जिल्ह्याने आणि चिखलीने करायला हवी. तोवर जे आपल्या हातात आहे ते करावं. दर दहा वर्षांनी टीडीचं, म्हणजे टीटीच्या जागी आलेल्या लसीचं, इंजेक्शन घ्या, जनावरांची लस चुकवू नका, पावसाळ्यात शेतात पायात बूट घाला. आणि तुम्ही शेतात राबत असाल, मधुमेह असेल आणि ताप दोन आठवड्यांत उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: मी रोज मातीत काम करतो, माझ्या रक्ताचं कल्चर करा.